मोहोरावरचा भाव

गोळपच्या कातळसड्यावरून पावस गावाच्या अंगाला उतरत जाणाऱ्या बागांमध्ये परशुराम बेहेऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, नजरेला मोठा मान होता. पौषात हापूस मोहोरला की बागवाले आणि वाशीहून आलेले व्यापारी, दोन्ही बाजू त्यांनाच बोलावीत. अण्णा हात पाठीशी बांधून कलमांखालून एक संथ फेरी मारत, मध्येच थांबून एखादा तुरा बोटांवर तोलत, आणि शेवटी गडग्याच्या दगडी कुंपणाशी येऊन ही बाग किती पेट्या देईल ते सांगत. फळ तेव्हा जन्मालाही आलेले नसे. पण त्या अजन्म्या फळाचा सौदा अण्णांच्या शब्दावर पक्का होई. बाग मोहोरावर देणे म्हणतात ते हेच. मोहोर करपतो, धुक्याने काळवंडतो, वाटाण्याएवढी कैरी वाऱ्याने झडते. ती सगळी गळ मनातल्या मनात वजा करायची आणि जे उरेल तेच बोलायचे, एवढेच त्यातले कसब.

नव्व्याण्णवच्या हंगामात मात्र अण्णांचा अंदाज साफ कोसळला. रावजी शिवलकरांची बाग त्या वर्षी अशी फुलली होती की पान दिसत नव्हते. अण्णांनी आकडा सांगितला, व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम दिली, आणि माघात आठ दिवस धुके बसले. चैत्रात झाडांवर नुसते देठ उरले. व्यापारी बुडाला. रावजीचे पैसे आधीच पदरात पडले होते, त्यामुळे त्याला हसायला काही अडचण नव्हती. "अण्णा, तुम्ही आंबे मोजलेत की फुलं?" असे तो येता-जाता विचारी. अण्णा कसनुसे हसत. त्यांचा मुलगा सलिल हे लांबून पाही, आणि वडिलांच्या त्या हसण्याकडे पाहू नये म्हणून दुसरीकडे मान वळवी.

सलिल रत्नागिरीत एका कॉलेजात वाणिज्य शाखेला तासांवर शिकवत असे. आवाज इतका हलका की मागच्या बाकावरची मुले तो बोलतो आहे हे ओठांवरून ओळखत. घरातही त्याचे बोलणे बहुतेक आपल्या आत्याशी, हेमाआत्तेशी, होई. कारण तिच्यापाशी गप्प बसले तरी चाले. हेमाआत्ते अण्णांची धाकटी बहीण. लग्न केले नाही, नगरपालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवले, आणि राहिली भावाच्या घरी, माजघराला लागून असलेल्या खोलीत. त्या खोलीतूनच मागीलदारी जायची वाट होती. ती वाचत असो, साडी बदलत असो की ताप येऊन पडलेली असो, कोणी ना कोणी "जातो गं" म्हणत तिच्या उशाशेजारून जाई. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या फंडातून तिने रत्नागिरीजवळ कुवारबावला दोन खोल्यांचा ब्लॉक ठरवला होता. बिल्डरला विसार दिला होता, उरलेली पूर्ण रक्कम गुढीपाडव्याला द्यायची होती, आणि ती तिच्यापाशी तंतोतंत होती. दर रविवारी ती सलिलला घेऊन ते अर्धवट बांधकाम पाहायला जाई. विटांच्या भिंतींमध्ये उभी राहून म्हणे, "इथून कोणी कुठे जाणार नाही, बघ. वाटच नाही पुढे." आणि लहान मुलीसारखी हसे.

अंदाज फसल्यापासून अण्णा सकाळची एसटी धरून रत्नागिरीच्या राम आळीत प्रमोद जाधवाच्या ऑफिसात जाऊन बसू लागले. प्रमोद मुंबईत एका दलालाकडे दहा वर्षे घासून परतला होता. एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत त्याने शेअर बाजाराचे टर्मिनल बसवले होते. निळ्या पडद्यावर आकडे हलत, आणि समोरच्या बाकांवर निवृत्त मास्तर, बागवाले, एक-दोन डॉक्टर नाटकाला बसावेत तसे बसत. त्या हिवाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते: रोजहाट डॉट कॉम. मुंबईची कंपनी. कॉम्प्युटरवरून पुस्तके, कॅसेटी, घड्याळे, प्रेशर कुकर विकायची. माल कुरिअरने घरी. विक्री दर वर्षी तिप्पट होत होती आणि तोटाही. बाजारात तिची किंमत मात्र पिढ्यान्‌पिढ्या साबण नि चपला विकणाऱ्या कंपन्यांच्या वर गेली होती.

दिवाळी सरता सरता एका दुपारी अण्णा हेमाआत्तेला घेऊन तिथे गेले. सलिलला तिनेच बरोबर घेतले. "तू वाचलं आहेस ना त्या कंपनीचं? मग चल."

"हेमे, तुझे पैसे बँकेत झोपले आहेत," अण्णा म्हणाले. "पाडव्यापर्यंत रोजहाटमध्ये ठेव. दोन खोल्यांच्या जागी तीन होतील, वर गच्ची."

"पण अण्णा, ती तोट्यात आहे म्हणतात ना?"

"तोट्यात कशी नसेल? कलम लावल्यावर पहिली वर्षं काय मिळतं? पाणी घाला, खत घाला, राखण करा. आणि कोवळ्या कलमाला मोहोर आलाच, तर आपण काय करतो?" त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. "खुडून टाकतो! आधी झाड वाढू दे म्हणून. नफा म्हणजे मोहोर. ही माणसं तो मुद्दाम खुडतायत. ज्याला झाडं कळत नाहीत त्याला तोटा दिसतो."

बाकांवर पसंतीची कुजबुज झाली. प्रमोदसुद्धा मान वळवून म्हणाला, "वा अण्णा! मुंबईतल्या भल्याभल्यांना हे असं सांगता आलं नाही." सलिलने वडिलांकडे पाहिले. कित्येक महिन्यांनी त्यांची पाठ ताठ झाली होती.

"सलिल?" हेमाआत्तेने विचारले.

सगळी डोकी त्याच्याकडे वळली. पण बोलायचे होते ते त्याला इतके स्वच्छ दिसत होते की ते आपोआपच तोंडातून आले.

"कलम मुळं धरलं की पाणी तोडतो आपण. पुढे ते आपलं आपण जगतं. इथे उलटं आहे, अण्णा. दोनशेचं पुस्तक ते दीडशेला देतात, वर कुरिअरचा खर्च. एक पुस्तक विकलं तर थोडा तोटा, लाख विकली तर लाखपट. जितकं झाड मोठं, तितकं पाणी जास्त. असं झाड कोण लावतं?"

"पुढे भाव वाढवतील ना!"

"वाढवतीलही. कंपनी वाईट आहे असं मी म्हणतच नाही. दहा वर्षांनी ती मोठीही होईल. पण आजच्या भावात त्या दहा वर्षांचा सगळा आंबा मोजून झालाय. धुकं नाही, करपा नाही, वारा नाही, असं धरून." त्याचा आवाज त्याला न विचारता चढला. "मोहोरावर बाग घेणारासुद्धा गळ धरून भाव करतो. ह्यांनी गळच धरलेली नाही."

मग मागच्या बाकावरून रावजी खदखदून हसला.

"अरे मेल्या, गळीचं कोणाला शिकवतोस? अण्णांना? माझ्या बागेला विचार जाऊन!"

सगळे हसले. प्रमोदने तेवढी खाली मान घातली. अण्णांनी उपरण्याने तोंड पुसले, मग चष्मा काढून तोही पुसला, आणि तो पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले. "बरोबर आहे पोराचं," ते म्हणाले. "गळ धरायला हवी."

हेमाआत्तेने पैसे बँकेतच ठेवले. सलिल वाद जिंकला होता, आणि परतीच्या एसटीत भाट्याच्या पुलावरून जाताना त्याला वाटत होते की आपण कोणाच्या तरी घरात शिरून दिवा मालवून आलो आहोत.

त्यानंतर रोजहाटचा भाव वाढला. मार्गशीर्षात सव्वापट झाला, संक्रांतीला दुप्पट, आणि तरी थांबेना. रावजीने दिवाळीतच घेतले होते. त्याने थोडे विकून नवी मोटारसायकल आणली आणि ती मुद्दाम बेहेऱ्यांच्या बेड्यासमोर, अंगणाच्या फाटकाशी, उभी करून हाक मारू लागला. "काय प्रोफेसर, गळ लागली का हो?" सलिल आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाची. त्याचे एकही विधान खोटे ठरले नव्हते. कंपनीने नवे निकाल जाहीर केले, त्यांत विक्री वाढली होती आणि तोटा त्याहून वेगाने वाढला होता, त्याने सांगितल्याप्रमाणेच. आणि त्याच दिवशी भाव आणखी उसळला. बरोबर असण्याचा असा काही उपयोग नसतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. हळूहळू त्याला स्वतःचाच संशय येऊ लागला. इतकी माणसे, मुंबईतली, अमेरिकेतली, शिकलेली. त्या सगळ्यांना न दिसलेले गोळपच्या एका तासिकेवरच्या मास्तराला दिसावे, हे कसे?

कुवारबावला गेल्यावर आता हेमाआत्ते विटांच्या चौकटीत उभी राहण्याऐवजी जिन्याशी उभी राहून वर पाही. वर तीन खोल्यांचे ब्लॉक होते.

आणि पौष आला. मोहोर आला. सड्यावर सगळीकडे तो कडवट गोड वास पसरला, आणि अण्णांना कोणी बोलावले नाही. रोज सकाळी ते धुतलेला सदरा घालून ओटीवर बसत. गाडीचा आवाज आला की उठून उभे राहत. गाडी पुढे निघून जाई. एकदा वाशीचा तोच जुना व्यापारी थांबला. अण्णा लगबगीने पायऱ्या उतरले. त्याने शिवलकरांकडे जायची वाट विचारली आणि गेला. अण्णा कितीतरी वेळ खालच्या पायरीवरच उभे होते. सलिलने ते खिडकीतून पाहिले.

माघाच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या चहाला, हेमाआत्तेने ओटीवर येऊन विषय काढला. ती उभीच होती.

"अण्णा, मी काल प्रमोदला विचारलं. तो म्हणतो, मी घ्या म्हणत नाही आणि नका घेऊ म्हणत नाही. कमिशन खाणाऱ्याने सल्ला देऊ नये. मग मी कोणाला विचारू?"

अण्णांच्या डोळ्यांत काहीतरी उजळले. ते सावरून बसले. "हेमे, मी दिवाळीत सांगितलं तेच आज सांगतो. झाड अजून वाढतंय. अजून मोहोर खुडतायत ते. पाडव्याला अजून अवकाश आहे." ते बोलत राहिले. खोड, मुळे, पालवी. अमेरिकेतली मोठी झाडे, जी अशीच वर्षानुवर्षे तोट्यात वाढली होती. बोलताना त्यांचे हात पाठीशी बांधलेले राहिनात, ते हवेत फांद्यांसारखे पसरले. गेल्या वर्षभरात त्यांचे इतके बोलणे कोणी ऐकून घेतले नव्हते. मध्येच त्यांनी सलिलकडे एक ओझरती नजर टाकली. तीत अधिकार नव्हता. आजच्या दिवस माझ्या मध्ये येऊ नकोस, अशी ती विनवणी होती.

"सलिल, तू सांग," हेमाआत्ते म्हणाली. "दिवाळीत तू नको म्हणालास. आता काय म्हणतोस?"

दिवाळीत जे महाग होते ते आता तिपटीने महाग झाले होते. तिप्पट उंचीवरून पडायचे, एवढाच बदल. सलिलला ते सारे समोरच्या तुळशीइतके स्पष्ट दिसत होते. वाक्येही तयार होती. ती ओठांपर्यंत आली, आणि त्याला वडिलांचा चष्मा पुसणारा हात दिसला, ती माडी, ते हसू. पुन्हा एकदा, आणि तेही बहिणीसमोर, त्यांना खाली उतरवायचे? आणि जर आपणच चुकत असू तर?

"माझंच चुकलं असेल, आत्ते," तो म्हणाला. "अण्णांची नजर जुनी आहे."

"म्हणजे घेऊ?"

"अण्णा म्हणतात तर..."

हेमाआत्ते रिकामे कप उचलू लागली. मग म्हणाली, "बरं." अण्णांनी सलिलच्या खांद्यावर हात ठेवला. सलिलला त्या क्षणी फार सुख वाटले, आणि त्या सुखाची त्याला पुढे आयुष्यभर किळस येत राहिली.

घेतल्यावर दहा-बारा दिवस भाव चढला. अण्णा दुपारी मुंबईहून आलेले पेपर मोठ्याने वाचून दाखवत. मग अमेरिकेत काही झाले, मुंबईत काही झाले, आणि एका सकाळी बाजार उघडताच रोजहाट खालच्या सर्किटला लागला. म्हणजे त्या दिवशी जितके पडता येते तितके पडून गोठला. विकणाऱ्यांची रांग, घेणारा एकही नाही. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशी तसेच. माडीवर आता जागा मिळे, कारण माणसे आकडा पाहून लगेच खाली उतरत. रावजीने मोटारसायकल विकली असे कोणी म्हणाले. तो येईनासा झाला. प्रमोदने स्वतःही उसने काढून घेतले होते. तो पडद्याकडे पाठ करून बसे.

"विकायला लाव रे," हेमाआत्तेने त्याला सांगितले.

"रोज लावतोय, बाई. रांगेत आहोत."

"मग पुढे कधी येऊ आपण?"

प्रमोदने तिच्यासाठी खालून सोडा मागवला.

"धुकं आहे," अण्णा म्हणाले. "चार दिवसांत उठेल." ते हे घरी म्हणाले, एसटीत म्हणाले, झोपेतही म्हणाले असावेत. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात सर्किट सुटले आणि हेमाआत्तेचे शेअर विकले गेले. जे हाती आले त्यात बिल्डरच्या ब्लॉकची एक भिंतही आली नसती. अण्णांनी त्यानंतर पेपर बंद केला. ते ओटीवर बसायचे सोडून मागल्या पडवीत बसू लागले, सड्याकडे पाठ करून.

बिल्डर चांगला होता. त्याने विसार परत देतो म्हटले, फक्त येऊन सही करा. चैत्रातल्या एका सकाळी सलिल आत्याबरोबर कुवारबावला गेला. ब्लॉकला गिलावा झाला होता, खिडक्यांना गज बसले होते. आत एक तरुण जोडपे उभे होते. ब्लॉक आता त्यांना जाणार होता. बायको पोटुशी होती. बिल्डरने ओळख करून दिली. हेमाआत्तेने क्षणभर दारातच पाऊल थांबवले आणि मग सरळ आत गेली.

"ओटा ह्या भिंतीला घाला," ती त्या मुलीला म्हणाली. "तिकडे घातलात तर पावसात झड येते. ही खिडकी दुपारी बंद ठेवा, ऊन सरळ आत येतं. आणि पाळण्याला इथे कडी मारून घ्या, स्लॅबची सळई इथूनच गेलीय. मी बघितलीय ओतताना."

"तुम्ही इथल्याच का?" मुलीने कौतुकाने विचारले.

"नाही," हेमाआत्ते म्हणाली. "येत होते अधूनमधून."

सही करून दोघे हमरस्त्यावर आले. स्टँडकडे जाणारी गाडी यायची होती. कोल्हापूरकडून येणारे ट्रक धूळ उडवत जात होते. सलिलला वाटले की नेहमीसारखे आताही तिच्यापाशी गप्प बसता येईल.

"माघात मी विचारलं तेव्हा," ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "तुला खरं काय वाटत होतं?"

"महाग वाटत होता."

"दिवाळीसारखाच?"

"दिवाळीपेक्षा जास्त."

तिने मान हलवली, जणू एखाद्या मुलाने पाढा बरोबर म्हटला होता. "अण्णांचं मत मला ठाऊकच होतं रे. ते विचारायला मी ओटीवर उभी नव्हते."

"त्यांना पुन्हा सगळ्यांसमोर..." तो अडखळला. "मला त्यांचं वाईट वाटलं, आत्ते."

"हो. आणि माझं?"

तेवढ्यात गाडी आली. गाडीत गर्दी नव्हती. हेमाआत्ते मधल्या एका बाकावर खिडकीशी बसली. सलिल सवयीने शेजारी बसायला वाकला, तसा तिने पदर सावरून हात बाकावर ठेवला.

"तू पुढे बस," ती शांतपणे म्हणाली. "जरा एकटी बसते मी."

तो पुढे जाऊन बसला. मागे वळून पाहायचे त्याने टाळले, पण ड्रायव्हरच्या वरच्या आरशात ती दिसत होती: खिडकीच्या काचेला डोके टेकलेली, डोळे मिटलेले, मांडीवर दोन्ही हात मोकळे. साळवी स्टॉपला गाडी भरली. बाजाराला निघालेली एक बाई रिकामी टोपली आणि कडेवरचे मूल सांभाळत बाकांमधून आली. हेमाआत्तेने डोळे उघडले, आणि खिडकीला अगदी चिकटत तिला जागा करून दिली.